पदपथावरचा याचिकाकर्ता

१

भारतीय संविधानाचा थोडाफार अभ्यास केलेल्या कुणालाही ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ हे नाव अपरिचित नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेला हा निर्णय विधी महाविद्यालयांच्या क्रमिक पुस्तकांत आहे, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आहे आणि भारताबाहेरच्या न्यायालयांच्या निकालपत्रांतही त्याचा आधार घेतला गेला आहे. ‘संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे’ हे त्याचे सार एका वाक्यात सांगता येते, आणि बहुतेक ठिकाणी ते तेवढ्याच एका वाक्यात सांगून थांबले जाते.

ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो त्या ओल्गा टेलिस या पत्रकार. पदपथावर राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नव्हता. इतरांचे गाऱ्हाणे न्यायालयापुढे मांडणाऱ्या त्या सहयाचिकाकर्त्या होत्या. ज्यांची झोपडी मोडली त्यांची नावे निकालपत्रात आहेत, पण खटल्याच्या शीर्षकात ती ‘आणि इतर’ या दोन शब्दांत सामावली गेली. हा केवळ विधिव्यवहाराचा संकेत आहे, त्यात कुणाचा दोष नाही. तरीही कायदा आणि न्यायालये ही सामाजिक परिवर्तनाची साधने होऊ शकतात का, असा प्रश्न विचारायचा असेल, तर आरंभ या ‘इतरां’पासूनच करावा लागतो. त्यांनी न्यायालयाकडे काय मागितले होते? त्यांना काय मिळाले? आणि जे मिळाले ते पुढे कुणाच्या हाती गेले?

२

निकालपत्राच्या आरंभीच्या परिच्छेदांत यांपैकी काहींच्या आयुष्याचा वृत्तांत आला आहे. न्यायालयीन भाषेच्या कोरडेपणामुळेच कदाचित तो अधिक बोलका वाटतो. एकजण तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळामुळे काम गेले म्हणून १९६१ साली मुंबईला आला. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात त्याला दिवसाला २३ रुपये रोजाने काम मिळाले. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पदपथावर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा एक आडोसा त्याला मिळाला, परंतु त्यासाठी तिथल्या झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. हिशेब केला तर ही रक्कम त्याच्या सुमारे १०९ दिवसांच्या मजुरीइतकी भरते. त्या आडोशात तो, त्याची पत्नी आणि तीन मुली राहत.

दुसरा याचिकाकर्ता अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचा. गावी चामड्याचे काम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळत. राहते घर कोसळले, तेव्हा १९६९ साली तो मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी स्थानिक गुंडाला ३०० रुपये आणि बांबू-प्लास्टिकसाठी ७०० रुपये, असा त्याच्या घराचा खर्च. याच याचिकांबरोबर आणखी एक गट न्यायालयात आला होता: पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या कामराज नगर या सुमारे पाचशे झोपड्यांच्या वस्तीतील रहिवासी. ही वस्ती १९६० च्या सुमारास उभी राहिली होती, आणि ती उभारणारे लोक महामार्गालगत जलवाहिन्या टाकणाऱ्या एका बांधकाम कंपनीचे मजूर होते. नंतरच्या काळात तिथे महापालिकेचे नोकर, कारखान्यांतले आणि हॉटेलांतले कामगार, बांधकामावरचे मुकादम असे लोक राहत होते. शहराला पाणी मिळावे म्हणून नळ टाकणाऱ्यांची वस्ती शहराच्या लेखी अतिक्रमण ठरावी, आणि ती पाडायला येणाऱ्या महापालिकेचेच काही नोकर त्या वस्तीत राहत असावेत, यात मुंबईच्या उपनगरांचा अर्धा इतिहास आला.

१३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतील पदपथावर राहणाऱ्या सर्वांना हटवून आपापल्या मूळ गावी अथवा शहराबाहेर पाठवले जाईल. पाऊस ऐन भरात होता. याचिकाकर्ते उच्च न्यायालयात गेले. अल्पमुदतीचा मनाई हुकूम २१ जुलैपर्यंत टिकला. २३ जुलैला दहिसरच्या त्या कामगाराची झोपडी पाडण्यात आली आणि सहकुटुंब त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. पत्नी आणि मुली सेलमला राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परत मुंबईला आला आणि पुन्हा एका पदपथावर राहू लागला. कामराज नगरच्या याचिकेत म्हटले आहे की, एस.टी.च्या गाड्यांत कोंबून लोकांना शहराबाहेर नेले जात असताना वाटेत दोन बालके जन्मली आणि दोन दगावली.

सेलमहून परत आलेला हा माणूस या खटल्याचा खरा युक्तिवाद होता. पुढे वकिलांनी आणि न्यायमूर्तींनी जे सिद्धांत मांडले, ते सारे त्याच्या त्या परतीच्या प्रवासात आधीच होते. जिथे काम आहे तिथे माणूस राहणार. त्याला राहत्या जागेवरून उठवणे म्हणजे त्याचे काम काढून घेणे. आणि काम काढून घेणे म्हणजे जगणे काढून घेणे.

३

सर्वोच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांच्या बाजूने इंदिरा जयसिंग, व्ही. एम. तारकुंडे आणि राम जेठमलानी उभे राहिले. तारकुंडे हे मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतले अग्रणी. सरकारपक्षाचे म्हणणे वरकरणी बिनतोड होते. पदपथ चालण्यासाठी असतो, राहण्यासाठी नव्हे. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही. शिवाय याचिकाकर्त्यांनी स्वतःच उच्च न्यायालयात असा हक्क नसल्याचे मान्य करून १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या हटवण्यास अडथळा न आणण्याची हमी दिली होती. दिलेल्या शब्दाला आता त्यांनी जागावे.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालपत्राने हा शेवटचा मुद्दा आधी निकालात काढला. मूलभूत हक्क हे केवळ त्या व्यक्तीच्या लाभासाठी नसतात, तर संविधानाच्या उद्दिष्टांसाठी असतात. म्हणून कुणीही ते शब्दाने सोडून देऊ शकत नाही. संविधानाविरुद्ध कुणाचा शब्द बांधील नाही. त्यानंतर न्यायालयाने उपजीविकेच्या हक्काची उभारणी केली. उपजीविकेचे साधन काढून घेतले की जीविताच्या हक्कात काही उरत नाही. पदपथावर राहणारे हौसेने तिथे राहत नाहीत. आणि त्यांना उठवले तर त्यांचा रोजगार जाईल हे वस्तुस्थितीवरून सिद्ध होते. इथपर्यंत वाचणाऱ्या कुणालाही वाटेल की याचिकाकर्ते जिंकले.

पण ते जिंकले नाहीत. उपजीविकेचा हक्क मान्य करूनही न्यायालयाने पुढे म्हटले की, कायद्याने ठरवलेल्या न्याय्य आणि वाजवी कार्यपद्धतीने तो हिरावता येतो. आणि १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम ३१४, जे आयुक्ताला रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देता हटवण्याचा अधिकार देते, ते घटनाबाह्य नाही. मात्र हा अधिकार म्हणजे नोटीस देऊच नका असा आदेश नव्हे. नोटीस आणि म्हणणे ऐकणे हा नियम, आणि त्याशिवाय कारवाई हा निकडीचा अपवाद, असा अर्थ न्यायालयाने लावला. याचिकाकर्त्यांना तशी नोटीस मिळाली नव्हती; पण त्यांचे म्हणणे आता साक्षात सर्वोच्च न्यायालयानेच ऐकले असल्याने ती सुनावणी पुन्हा घेण्याचे कारण उरले नाही! एवढ्या मोठ्या हक्काचा या खटल्यापुरता अंतिम परिणाम असा झाला.

याखेरीज न्यायालयाने काही निर्देश दिले. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कुणालाही उठवू नये. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्रे मिळाली होती त्यांना मालवणी येथे किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, मात्र ही जागा देणे ही त्यांना हटवण्याची पूर्वअट नसेल. वीस वर्षांहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याखेरीज हटवू नयेत.

निकाल दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, सरन्यायाधीश निवृत्त झाले. त्याच्या आठवडाभर आधी, ३ जुलैला, त्यांनीच ‘बॉम्बे हॉकर्स युनियन’च्या खटल्यात फेरीवाल्यांसाठी क्षेत्रे ठरवून देण्याचा निर्णय दिला होता, फेरीवाल्यांना राष्ट्रीय कायद्याचे संरक्षण मिळायला त्यानंतर २०१४ साल उजाडावे लागले. हेच न्यायमूर्ती चंद्रचूड २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतील बंदींच्या खटल्यात बहुमतासोबत होते. आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे त्या बहुमताने ठरवले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, मे १९७६ मध्ये, मानखुर्दजवळची जनता कॉलनी ही हजारो लोकांची वस्ती उठवून चिता कॅम्पच्या दलदलीत वसवली गेली. १९७६ ते १९८५ हे अंतर एका न्यायमूर्तीच्या विचारातले जसे आहे, तसेच ते एका संस्थेने आपली गेलेली पत परत मिळवण्यासाठी केलेल्या प्रवासाचेही आहे. आणीबाणीत आपण कुणाच्या बाजूने उभे राहिलो नाही याची टोचणी न्यायालयाला होती, आणि जनहित याचिकेचा सारा उदय त्या टोचणीतून झाला, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये.

४

मग परिवर्तन कुठे झाले? माझ्या मते ते निकालात झाले नाही, निकालाच्या आधीच्या चार वर्षांत झाले. जुलै १९८१ ते ऑक्टोबर १९८५ या काळात ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ या तीन शब्दांनी जे केले ते कलम २१ च्या विस्ताराने केले नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही, पैसा नाही, संख्या असूनही मतपेटीबाहेर जिचा उपयोग नाही, अशा लोकांसाठी वेळ हीच मालमत्ता असते. कायद्याने त्यांना घर दिले नाही, वेळ दिला. आणि त्या वेळाचा त्यांनी उपयोग केला.

याच काळात मुंबईत निवारा हक्क सुरक्षा समिती उभी राहिली. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट १९८५ साली आला आणि झोपडी पाडली जाते म्हणजे नेमके काय होते, हे मध्यमवर्गाला पडद्यावर का होईना, पाहावे लागले. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ मध्ये पदपथावरील कुटुंबांची गणना करून तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘आम्ही, न दिसणारे’ असा होता. निकालाने लोकांना शिकवलेला धडा या गणनेत स्पष्ट दिसतो. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद आहे त्यांनाच पर्यायी जागा, असे न्यायालयाने म्हटले होते. याचा अर्थ, नोंद नाही तो माणूस नाही. तेव्हा आपली नोंद आपणच करून ठेवली पाहिजे.

मुंबईच्या झोपडपट्टीचा यानंतरचा इतिहास हा कागदाचा इतिहास आहे. फोटोपास, शिधापत्रिका, मतदारयादीतले नाव, वीजबिल, सर्वेक्षणाची पावती हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेले असतात, आणि तोडू पथक आले की भांड्यांच्या आधी ती पेटी बाहेर काढली जाते. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि १ जानेवारी १९९५ ही तारीख पात्रतेची सीमारेषा झाली. पुढे ती १ जानेवारी २००० वर सरकली. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द उपनगरांत जातिवाचक शब्दांसारखे वापरले जाऊ लागले. उपजीविकेच्या हक्काच्या उदात्त भाषेतून खाली उतरत उतरत प्रश्न एवढाच उरला: अमुक तारखेला तू इथे होतास याचा पुरावा काय?

यावर टीका करणे सोपे आहे. तारखेने माणसाची किंमत ठरवणे ही नैतिकदृष्ट्या लाजिरवाणी गोष्ट आहेच. तथापि ज्याला कुठलाच दर्जा नव्हता अशा माणसाला कागदाने एक दर्जा दिला, हेही तितकेच खरे. ज्याला १९८१ साली नोटीस न देता बसमध्ये कोंबता आले, त्याच्याशी १९९५ नंतर निदान पत्रव्यवहार करावा लागू लागला. कायद्याने घडवलेले परिवर्तन बहुधा अशाच तुकड्यांनी येते आणि येताना नवी भिंत बांधूनच येते.

५

हे हत्यार दुधारी आहे याचा प्रत्यय बोरिवलीने फार लवकर घेतला. बोरिवली, ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेले सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे तुळशी आणि विहार तलावांचे पाणलोट क्षेत्र. त्याच्या कडेने हजारो झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत ज्यांचे नाव असेल त्यांना ७,००० रुपये भरून उद्यानाबाहेर जागा मिळणार होती. ती जागा निघाली कल्याण तालुक्यात. बाकीच्यांसाठी काहीच नव्हते. त्यानंतरच्या तीन वर्षांत, विशेषतः २००० सालच्या उन्हाळ्यात, उद्यानाच्या कडेने जी पाडापाडी झाली तिच्यापुढे १९८१ ची मोहीम किरकोळ वाटावी.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, साधन तेच होते: जनहित याचिका. आधारही बव्हंशी तोच होता, कारण स्वच्छ पर्यावरणाचा हक्क याच कलम २१ मधून निघालेला आहे. आणि याचिकाकर्त्यांचा हेतू हिणकस होता असे मुळीच म्हणता येणार नाही. हे जंगल नसते तर मुंबईचे काय झाले असते याचा विचार उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकाने करून पाहावा. प्रश्न एवढाच आहे की, पर्यावरणाची बाजू मांडली जात असताना, बोरिवलीच्या घराघरांत काम करणाऱ्या बाईला कल्याण तालुक्यात पाठवले तर तिच्या कामाचे काय होईल, हा १९८५ च्या निकालपत्रातला अगदी मूलभूत मुद्दा कुठे गेला होता? राहण्याची जागा आणि कामाची जागा यांचे नाते त्या निकालाने मान्य केले होते. तो निकाल रद्द झालेला नव्हता. फक्त जिथे तो लागू व्हायचा तिथे त्याचे स्मरण कुणाला राहिले नव्हते.

वातावरणही बदलले होते. फेब्रुवारी २००० मध्ये दिल्लीच्या कचऱ्याविषयीच्या अलमित्रा पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देण्याची तुलना खिसेकापूला बक्षीस देण्याशी केली. १९८५ सालचा ‘नाइलाजाने आलेला’ माणूस पंधरा वर्षांत खिसेकापू झाला.

याही वेळी लोकांनी वेळ मिळवला आणि त्या वेळाचा उपयोग केला. निवारा हक्कने उद्यानातल्या रहिवाशांसाठी जवळच जागा मिळावी असा आग्रह धरला. त्यातून अंधेरी पूर्वेकडील साकीनाक्याजवळ चांदिवली येथे, दगडाच्या जुन्या खाणीच्या जमिनीवर, संघर्ष नगर ही वसाहत उभी राहिली. जमीन आणि बांधकामाच्या मोबदल्यात विकासकाला टीडीआर, आणि पात्र कुटुंबांना घर, असे ते गणित. पहिल्या टप्प्यात सुमारे बारा हजार कुटुंबे तिथे गेली. उरलेल्या पात्र कुटुंबांचा आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न त्यानंतरही अनेक वर्षे उच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा येत राहिला. संघर्ष नगर हे आदर्श आहे असे कुणी म्हणणार नाही. पण वसाहतीला दिलेले ते नाव मात्र वस्तुस्थितीला धरून आहे. न्यायालयाने आदेश दिला म्हणून ती उभी राहिली असे नव्हे, तर आदेशाच्या विरोधात उभे राहिलेल्या लोकांनी त्या आदेशाच्या चौकटीतच आपल्यासाठी जागा शोधली म्हणून ती उभी राहिली.

६

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले, तेव्हा त्यांना पाण्यापासून रोखणारी गोष्ट दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम ही होती. सनातनी मंडळी न्यायालयात आधी पोहोचली होती. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, सत्याग्रह स्थगित केला, आणि मग त्याच न्यायालयांच्या पायऱ्या दहा वर्षे चढून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात विजय मिळवला. न्यायालय म्हणजे गरिबांचा कैवारी असा भ्रम त्यांना नव्हता, आणि न्यायालय म्हणजे केवळ वरच्यांचे हत्यार असा निष्कर्षही त्यांनी काढला नाही. ते एक मैदान आहे, तिथे प्रतिपक्षही उतरणार, आणि म्हणून आपणही तिथे पूर्ण तयारीने उतरले पाहिजे, ही त्यांची भूमिका कृतीतून दिसते. त्या दहा वर्षांत चळवळ तळ्यापाशी थांबून राहिली नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

महाडनंतर अनेक दशकांनी पुन्हा पाण्याचाच एक खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणी देत नव्हती, कारण पाणी दिले तर अतिक्रमणाला मान्यता मिळेल अशी सरकारी भीती. पाणी हक्क समितीच्या जनहित याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. अ. स. गडकरी यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्याला तहान लागतेच. अधिकृत घराइतकाच पुरवठा करावा असे बंधन नाही, दर अधिक लावता येईल, आणि नळ मिळाला म्हणून बांधकाम अधिकृत ठरणार नाही. पण पाणी नाकारता येणार नाही. राहण्याचा हक्क आणि पिण्याचा हक्क यांची गाठ या निर्णयाने सोडवली. हेच त्याचे यश, आणि कदाचित हीच त्याची मर्यादाही. महापालिकेने २०१७ साली आणलेल्या धोरणातून पदपथावरच्या झोपड्या वगळल्या गेल्या. मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ या नावाने नवे धोरण आले.

७

कायद्याने समाज बदलतो का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. एक, न्यायालयाच्या ऐतिहासिक निकालांची जपमाळ ओढणारे. दुसरे, हा सारा बुर्झ्वा देखावा आहे म्हणून झटकून टाकणारे. ओल्गा टेलिसच्या खटल्यापुढे दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. या निकालाने याचिकाकर्त्यांना घर दिले नाही. किंबहुना कायद्याच्या भाषेत ते हरले. पण तो निकाल नसता तर नोटीस देणे ही निव्वळ मेहेरबानी राहिली असती. बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ढाक्याच्या झोपड्यांचा विचार करताना त्याचा आधार घेतला. मुंबईच्या एका महामार्गालगतच्या ताडपत्रीखालून निघालेला विचार दुसऱ्या देशातल्या झोपडीपर्यंत गेला. तो देशातल्या देशात कल्याणला निघालेल्या माणसापर्यंत पोहोचला नाही, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने, आरोपींची घरे बुलडोझरने पाडण्याच्या प्रथेविरुद्ध निर्णय दिला. किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसहित आदेश अशी काटेकोर कार्यपद्धती त्यात घालून दिली आहे. १९८५ साली कलम ३१४ च्या अर्थात शोधून काढलेली नोटीस आता सविस्तर नियम होऊन आली, म्हणून हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र त्याच निर्णयात एक अपवाद आहे: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत.

म्हणजे ज्याच्या पदपथावरच्या आडोशामुळे नोटिशीचा हा सारा विचार भारतीय न्यायशास्त्रात स्थिर झाला, त्याचा पदपथ तेवढा नियमाबाहेर राहिला. अर्थात हा अपवाद म्हणजे पदपथावरच्या माणसाला नोटीस देऊ नये असा आदेश नव्हे. १९८५ चे घटनापीठ त्याच्या पाठीशी अजून उभे आहे, आणि पाच न्यायमूर्तींचा शब्द दोघांना मोडता येत नाही. फक्त तो शब्द कुणीतरी पुन्हा न्यायालयात उच्चारावा लागेल. दहिसरचा कामगार सेलमहून परत आला होता तो याच अर्थाने. हक्क एकदा मिळाला म्हणून तो जागेवर राहत नाही. ज्याला तो हवा असतो त्याला त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा परत यावे लागते.